न लावलेली आग

माझा धाकटा भाऊ वनरक्षक आहे असं दुकानात कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पुण्यात कुठलं आलंय वन?" मी कसबा पेठेत ब्लाऊज शिवते. गिऱ्हाइकाशी वाद घालून भागत नाही, म्हणून "टेकड्या आहेत ना," एवढंच म्हणते आणि टेप घेऊन माप काढायला लागते. टेकडी म्हणजे सकाळी फिरायला जायची जागा, असंच सगळ्यांना वाटतं. भाऊ तिथे नसता तर मलाही तसंच वाटलं असतं.

तो माझ्यापेक्षा बराच लहान. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे त्याची नोकरी, लग्न, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. नोकरी लागली तेव्हा पहिली खाकी मीच शिवून दिली. नंतरही दर वर्षी शिवत राहिले. जुने शर्ट उसवायला आले की कापडाला धुराचा वास यायचा. कितीही धुतलं तरी तो शिवणीत राहायचाच.

बदल्या होत होत तो शहराच्या कडेच्या एका टेकडीवर आला. टेकडीच्या पश्चिमेला मोठ्या सोसायट्या, पूर्वेला जुनं गाव. ते गाव महापालिकेत येऊन बरीच वर्षं झाली, पण तिथली माणसं अजूनही मंडईत यायचं असलं की "पुण्याला जाऊन येतो" म्हणतात. त्या गावात भावाने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गावाच्या वर, टेकडीला अगदी चिकटून पत्र्याच्या घरांची एक वस्ती होती. तिथे मामा राहायचे. मामा म्हणजे आमचे कुणी नव्हेत. भावाच्या हाताखालचे वनमजूर. वयाने त्याच्यापेक्षा खूप मोठे, म्हणून तो त्यांना मामा म्हणायचा आणि ते त्याला साहेब म्हणायचे. दोघं एका डब्यात जेवायचे.

एका वर्षी भाऊबीजेला मी त्याच्याकडे राहिले होते. परत निघायच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "ताई, चल, आज तुला आमचं काम दाखवतो." मला वाटलं झाडंबिडं दाखवेल. वर गेले तर त्याचे सात-आठ मजूर गवत कापून तयार होते. टेकडीच्या मधोमध एक आडवी पायवाट होती. तिच्या वरच्या अंगाला त्यांनी गवताचा एक लांब पट्टा दोन्ही कडांनी कापून वेगळा काढला होता. मधलं गवत तसंच उभं. ते आता जाळायचं होतं.

"मुद्दाम?" मी विचारलं.

"मुद्दाम. याला जाळरेषा म्हणतात. आत्ता गवतात दव आहे, वारा नाही. आत्ता पट्टा जाळून ठेवला की उन्हाळ्यात वरून वणवा आला तरी इथे त्याला खायला काही मिळत नाही. तो इथे येऊन विझतो."

मामांनी वाळलेल्या गवताची एक जुडी वळली, तिला चूड म्हणतात, आणि ती पेटवून पट्ट्याच्या कडेकडेने चालत गेले. ते इतके सावकाश चालत होते की जणू देवळात प्रदक्षिणा घालताहेत. आग त्यांच्या मागून गुडघ्याएवढ्या उंचीने येत होती. दोन्ही कडांना माणसं हिरव्या फांद्या घेऊन उभी होती. कुठे जीभ बाहेर आली की फांदीने झोडायची, की ती गप्प. मी इतकी वर्षं चूल, स्टोव्ह, गॅस सगळं पाहिलं, पण एवढी मोठी आग माणसाच्या सांगण्यात राहते हे कधी पाहिलं नव्हतं. उन्हं वर यायच्या आत काम आटोपलं. काळा पट्टा टेकडीच्या अंगावर पट्टीने आखल्यासारखा दिसत होता.

सगळ्यांनाच तो पट्टा आवडायचा असं नाही. फिरायला येणारे थांबून विचारायचे, वनखात्याची माणसंच गवत जाळतात हे कसं काय? भाऊ समजावून सांगायचा. काहींना पटायचं, काहींना नाही. न पटणाऱ्यांत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी टेकडीच्या माथ्यावर झाडं लावली होती. कडुनिंब, बहावा, आपटा, काटेसावर. उन्हाळाभर ही साठी-सत्तरीची माणसं घरून कॅन भरून आणायची आणि एकेका रोपाला पाणी घालायची. भाऊ त्यांना काका म्हणायचा. काका त्याला स्पष्ट सांगायचे, "तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण त्या गवतात लावा पक्ष्याची अंडी असतात, किडे असतात, सरडे असतात. ते तुमच्या हिशेबात कुठे बसतात?" भाऊ म्हणायचा, "बसत नाहीत, काका. वणव्यात सगळीच जातात. आम्ही थोडी घालवून बाकीची वाचवतो." काका मान हलवायचे. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

मग एका वर्षी थंडीत अवेळी पाऊस झाला. गवत वाळलं नाही, मग वाळलं तर मजूर मिळाले नाहीत, मग कुठलीशी मंजुरी अडकली. रेषा जाळायला निघेपर्यंत थंडी सरून ऊन तापायला लागलं होतं. भावाने वरिष्ठांना सांगितलं की आता उशीर झालाय, आता नको. ते म्हणाले, रेषा नसताना वणवा लागला तर जबाबदार कोण? या प्रश्नाला कुठल्याच नोकरीत उत्तर नसतं. भाऊ घरी येऊन बायकोला म्हणाला, "उद्या लवकर उठव. उजाडायच्या आत उरकतो."

पायवाटेवरचा पट्टा नीट जळाला. माथ्यावरही एक छोटा पट्टा असायचा, तो राहिला होता. तेव्हा थांबायला हवं होतं, हे त्याने मला नंतर किती वेळा सांगितलं असेल. उन्हं वर आली होती, दव उडून गेलं होतं. मामा म्हणाले होते, "साहेब, ह्ये उद्याला ठिवूया." पण मजूर पुन्हा मिळतील याची खात्री नव्हती आणि एवढासाच तर तुकडा होता. भावाने काडी ओढली. थोड्या वेळाने वावटळ आली. टेकडीवर अशा वावटळी येतातच, धूळ आणि पानं घेऊन गरगरत जातात. ही आग घेऊन गेली.

काकांची सगळी झाडं त्यात गेली. निम्मी माणसाच्या डोक्याएवढी उंच झालेली होती.

मी दुपारी पोचले तोवर आग विझली होती. काका राखेत एका दगडावर बसले होते. त्यांच्या हातात पाण्याचा कॅन होता, भरलेला. रोजच्यासारखे घेऊन आले असणार. भाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो कॅन तिथेच ठेवला आणि हळूहळू उतरून गेले.

सोसायटीतल्या कुणीतरी गच्चीवरून व्हिडिओ काढला होता. चूड घेतलेला भाऊ त्यात अगदी स्वच्छ दिसत होता. 'रक्षकच भक्षक' असं वर लिहून तो सगळीकडे फिरला. माझ्या दुकानात एका बाईने मला दाखवला. "बघा हो, काय माणसं असतात." मी बघितला. तिच्या ब्लाऊजला हुक लावत होते, ते लावत राहिले. नंतर पाहिलं तर सगळे उलटे लागले होते.

काकांनी रीतसर तक्रार केली. भाऊ निलंबित झाला. चौकशी झाली, बरेच महिने चालली. अखेर ताकीद देऊन त्याला परत घेतलं, पण टेकडीवर नाही. रोपवाटिकेत. पिशव्यांत माती भरून घ्यायची, रोपं मोजून द्यायची. घर त्याने बदललं नाही. मुलीची शाळा तिथे होती. त्यामुळे रोज उठून दार उघडलं की समोर टेकडी.

टेकडीवर नवा वनरक्षक आला, तरुण पोरगा, दुसऱ्या जिल्ह्यातला. त्याचा काही दोष नव्हता. जाळरेषेचा विषय काढायला कुणीच तयार नव्हतं. वरचे नाहीत, खालचे नाहीत. काही ठिकाणी मशीनने गवत कापलं आणि तिथेच पडू दिलं. एक थंडी गेली, दुसरी गेली. जुन्या वाळल्या गवतावर नवं गवत वाढलं, ते वाळलं, त्यावर आणखी. भावजय मला फोनवर म्हणायची, "ताई, हे संध्याकाळी गच्चीत जाऊन उभे राहतात. बोलत नाहीत. नुसते वर बघतात." मी त्याला एकदा विचारलं, काय बघतोस? तो म्हणाला, "गवत." मी म्हटलं, आता तुझं काय आहे तिथे? तो म्हणाला, "काही नाही." आणि विषय बदलून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

मामा मात्र टेकडीवरच होते. रोज संध्याकाळी उतरताना त्याच्या दाराशी थांबायचे. चहा घ्यायचे. एकदा मी तिथे असताना मामा म्हणाले, "साहेब, औंदा गवात छातीला लागतंय." भाऊ कपात बघत बसला.

त्या उन्हाळ्यात मी भाचीला शिवलेला ड्रेस द्यायला म्हणून गेले होते. रविवार होता, त्यामुळे भाऊ घरी. जेवणं झाली, भावजय भांडी आवरत होती. तेवढ्यात वास आला. आधी त्यालाच आला. तो झटकन उठून गच्चीत गेला आणि तसाच खाली आला. टेकडीच्या पलीकडून, सोसायट्यांच्या बाजूने धूर वर चढत होता. कुणी लावली, कशी लागली, ते आजतागायत कळलेलं नाही. सिगारेट म्हणतात, दारूच्या बाटलीची काच म्हणतात, मुद्दाम लावली असंही म्हणतात. उन्हाळ्यात आगीला कारण लागत नाही.

"ताई, तू आणि ही वस्तीत जा. सिलिंडर बाहेर काढायला सांगा. पोरांना, म्हाताऱ्यांना गावात आणा," तो म्हणाला. पायात चपला होत्या त्या काढून बूट घातले. बूट कपाटावर होते, पिशवीत गुंडाळलेले.

आम्ही वस्तीत पोचलो तेव्हा आग माथ्यावर आली होती. मी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. पत्र्यावर वाळू ओतावी तसा. बायका घरांतून सिलिंडर लोटत बाहेर आणत होत्या, कुणी शेळ्या सोडत होतं. मामांची बायको एका हाताने शेळी आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या म्हातारीला ओढत होती. मी म्हातारीला माझ्याकडे घेतलं. वर पाहिलं तर मधल्या पायवाटेवर माणसं दिसत होती. भाऊ, मामा, तो नवा वनरक्षक आणि वस्तीतले काही पुरुष. म्हातारीला गावच्या देवळात बसवून मी परत वर गेले. का गेले ते सांगता येणार नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे, एवढंच.

पायवाटेपासून माथ्यापर्यंतचा सगळा उतार छातीएवढ्या गवताचा. आग माथ्यावर ओळ धरून उभी होती आणि खाली उतरायला लागली होती. भाऊ पायवाटेवर उभा होता. त्याच्या डाव्या हातात काडेपेटी होती.

तो काय करणार होता, हे मला आधी कळलं नाही, पण मामांच्या बोलण्यावरून कळलं. पायवाटेपासून वरच्या बाजूला आपणच आग लावायची. ती वर चढत जाते, वरची खाली येते, दोघी मध्ये भेटतात आणि जाळायला काही न उरल्याने तिथेच संपतात. त्याने हे पूर्वी केलेलं होतं.

"साहेब, लावा," मामा म्हणाले. "वारं पडलंय. आत्ताच हाय टाइम."

भावाने नव्या वनरक्षकाकडे पाहिलं. तो पोरगा कानाला फोन लावून होता. "वरच्या साहेबांना विचारतोय," तो म्हणाला. "ते दुसऱ्या कॉलवर आहेत."

"साहेब, लावा की."

"मामा, आता हे माझं नाही," भाऊ म्हणाला. "परवानगी येऊ दे."

मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होते. त्याने काडी बाहेर काढली होती. ती पेटीच्या कडेला टेकवून धरली होती. खाली गावातल्या गच्च्यांवर, वस्तीतल्या पत्र्यांवर पोरं उभी राहून मोबाइल वर करून शूटिंग करत होती. त्याने एकदा खाली पाहिलं. मग पुन्हा काडीकडे. तो नुसता थांबला होता, रस्ता ओलांडताना माणूस गाडी जाऊ देतो तसा. मी "लाव" म्हणाले नाही आणि "नको" म्हणाले नाही. मला त्यातलं काय कळत होतं?

मामांनी थोडी वाट पाहिली. मग ते खाली वाकले, हिरवी फांदी उचलली आणि दोन माणसांना घेऊन वर निघाले. उताराच्या उजवीकडे एक घळ होती, पावसाळ्यात पाणी वाहतं ती. तिच्यातून आग सगळ्यात पुढे आली होती. तिला झोडून थोपवायचं, असं त्यांच्या मनात असावं. भाऊ ओरडला, "मामा, घळीत नको." त्यांनी हात वर केला. ऐकलं असा तो हात होता, की राहू दे असा, ते कळलं नाही.

वारा पुन्हा सुटला. वरून गवताचा एक पेटता झुपका उडाला आणि मामांच्या खाली, घळीच्या तोंडाशी पडला. उतारावरची आग खाली येते तेव्हा सावकाश येते, वर जाते तेव्हा धावत जाते. घळीत तर ती चिमणीतून गेल्यासारखी गेली. बरोबरची दोन माणसं तरुण होती, ती कडेने चढून निसटली. मामा चढू शकले नाहीत.

भाऊ आत गेला. त्याने त्यांना हाताला धरून ओढत बाहेर आणलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मी माझी ओढणी मामांच्या अंगावर टाकली. ते शुद्धीवर होते. पाणी मागितलं. ज्यांनी ज्यांनी बाटल्या आणल्या होत्या, त्यांनी सगळ्यांनी एकदम पुढे केल्या.

अग्निशमन दलाच्या गाड्या खाली रस्त्यापर्यंतच येऊ शकत होत्या. त्यांनी तिथून पाणी मारून वस्ती वाचवली. घरं सगळी वाचली. दोन-तीन पत्रे वाकले, एक गोठा गेला. टेकडी पूर्ण जळाली, आणि जळायचं काही उरलं नाही तेव्हा आग आपोआप थांबली. मोबाइलवर परवानगी आली होती की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

मामा हॉस्पिटलमध्ये काही दिवस होते. मग गेले.

भावाला घरी आणल्यावर त्याच्या हातांना पट्ट्या होत्या. भावजय त्याला भरवायची. तो खायचा, लहान मुलासारखा आ करून, भिंतीकडे बघत. लोक भेटायला यायचे. खात्यातले आले, गावातले आले. सगळे म्हणायचे, तू जिवावर उदार होऊन आत गेलास. तो नुसता ऐकायचा. कुणी फारच कौतुक करायला लागलं की "हात दुखतात" म्हणून आत जाऊन पडायचा.

एके दिवशी काका आले. आता ते काठी घेऊन चालत होते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाले, "आपण बसा, मला चहा नको." मग भावाकडे वळले.

"मी तुमच्याविरुद्ध तक्रार केली होती. ती खरी होती. ती मी आजही मागे घेणार नाही."

"घेऊ नका," भाऊ म्हणाला. "चूक माझीच होती. मामा नको म्हणत होते, तरी मी लावली."

"हो." काका काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले. "पण तुम्ही पुन्हा कधीच काडी ओढू नये, असं मला म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, वारा बघून ओढा. एवढंच. ते मी लिहायला हवं होतं."

भावाने मान खाली घातली. काकांनी उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हाताला लावता येत नव्हता म्हणून. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले. ते एकेक पायरी उतरताना थांबत होते. मधल्या पायरीवर म्हणाले, "झाडं पुन्हा लावता येतात. मला वाटायचं, झाडं गेली म्हणजे सगळं गेलं." आणि पुढची पायरी उतरले.

पट्ट्या निघाल्या तशी भावाने मला फोन केला. "ताई, मामींकडे जायचंय. तू ये बरोबर." मामी म्हणजे मामांची बायको. इतके दिवस तो गेला नव्हता. बायकोबरोबर का जात नाहीस, असं मी विचारलं नाही.

पत्र्याच्या त्या खोलीत एकच खाट होती, तिच्यावर आम्हाला बसवलं आणि त्या खाली बसल्या. दाराशी शेळी बांधलेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मुलगी लोणी काळभोरला दिलेली आहे, ती बोलावतेय, जावं की नाही ते ठरत नाही. मग त्यांनी सरळ विचारलं.

"मला येक सांगा साहेब. शेवटाला काय म्हनले त्ये? तुमी हुता ना तिथं."

मला वाटलं तो म्हणेल, पाणी मागितलं. ते खोटं नव्हतं. मी तेच सांगायला तोंड उघडलं होतं.

"लावा म्हणाले," भाऊ म्हणाला. "दोनदा म्हणाले. समोरून आग लावली असती तर वरची तिथेच थांबली असती. मामांना घळीत जायला लागलं नसतं. काडी माझ्या हातात होती. मी लावली नाही."

मामी त्याच्याकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. बाहेर कुणाच्या तरी घरी टीव्ही चालू होता.

"का?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वेळी लावली तेव्हा काय झालं ते आठवलं."

त्यांनी पदराने दाराची चौकट पुसली, उगाचच. मग म्हणाल्या, "तुमी खरं सांगितलं त्ये बरं केलं. पर मला त्येचा उपेग काय न्हाई." असं म्हणून त्या उठल्या आणि पातेल्यात चहाचं आधण ठेवलं. आम्ही चहा घेतला. त्यांनी भावाचा कप स्वतः धरला, कारण त्याची बोटं अजून वळत नव्हती, आणि तो पीत होता तोवर धरूनच उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर माया नव्हती, रागही नव्हता. घरी आलेल्या माणसाचा चहा सांडू नये, एवढंच.

परत येताना गल्लीत तो थांबला आणि एका भिंतीला टेकून उभा राहिला. तोंड फिरवून बराच वेळ रडला. मी बाजूला उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते. बघू दे म्हटलं.

त्यानंतरच्या थंडीत जाळरेषा जाळायचं ठरलं. आता सगळ्यांना ती हवी होती. सोसायट्यांतून माणसं आली, काकांचे सोबती पाण्याचे कॅन घेऊन आले. भावाला खात्याने बोलावलं. तो आधी नको म्हणाला. मग गेला. चूड त्याने हातात घेतली नाही. बोटं पुरती मिटत नव्हती, ते एक कारण होतं. एका कडेला उभा राहून तो मूठभर राख हवेत सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. अर्धा पट्टा झाला आणि राख किंचित तिरपी गेली. त्याने हात वर करून काम थांबवलं. लोक कुरकुरले. एवढ्या लांबून आलोय, एवढासाच तर राहिलाय, असं कुणीतरी म्हणालंच. तो म्हणाला, "उद्या." दुसऱ्या दिवशी निम्मीच माणसं आली, पण उरलेला पट्टा झाला.

त्या उन्हाळ्यात टेकडीला आग लागली नाही. त्यामुळे रेषेचा उपयोग झाला असता की नाही, ते कळलंच नाही. मी भावाला म्हटलं, चांगलंच झालं की. तो म्हणाला, "हो." आमच्या कामाचं असंच आहे, ताई, नीट झालं तर काही दिसत नाही, असं तो पूर्वी म्हणायचा, तेव्हा त्यात एक ऐट असायची. आता म्हणत नाही.

त्याने टेकडीवर परत यायला अर्ज केला नाही. रोपवाटिकेतच आहे. पिशव्यांत माती भरायला हातांना व्यायाम होतो, असं डॉक्टरांनी सांगितलंय. महिन्या दोन महिन्यांनी तो बसने लोणी काळभोरला जातो. मामी आता तिकडे लेकीकडे असतात. शेळी, पाऊस, नातवंडांची शाळा, असं सगळं बोलतात. मामांचं नाव काढत नाहीत. एकदा मी विचारलं, मग जातोस कशाला? तो म्हणाला, "त्या ये म्हणत नाहीत. पण येऊ नको असंही म्हणत नाहीत."